हुमेरा आणि तीन दारं

हुमेराला बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्याने मला येऊन सांगावं, मी त्याला चहा पाजीन. सात वर्षं झाली, ती माझ्या हाताखाली आहे. हाताखाली म्हणजे आपलं कागदावर. प्रत्यक्षात ती शिडीवर असते, नाहीतर टेबलाखाली, नाहीतर माळ्यावर वायर ओढत. डबासुद्धा उभ्याने खाते. हिंगोलीला येताना एसटीत जागा रिकामी असली तरी दाराजवळच्या दांडीला धरून उभी राहते, हे मला खुद्द कंडक्टरने सांगितलं. सांगतानाही त्याच्या आवाजात वैताग होता.

माझं नाव विश्वंभर. हिंगोलीत माझा टायपिंगचा क्लास होता, एकवीस मशिनी होत्या. आता त्याच जागेत संगणक संस्था आहे. तीन खोल्या, खोलीत तीस याप्रमाणे नव्वद संगणक, आणि तिन्ही खोल्यांच्या मधोमध एक अंधारी कोठी, तिच्यात सर्व्हर. टायपिंगची मशीन मी डोळे झाकून खोलीन आणि जोडीन. सर्व्हरबद्दल मात्र मला एवढंच कळतं की तो गरम होतो आणि त्याच्याजवळ चहाचा कप ठेवला की हुमेरा ओरडते.

ती आखाडा बाळापूरची. तिचे वडील कादरभाई पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवतात. बाजारात रस्त्याला लागून दुकान आणि दुकानाच्या मागे घर. त्या घराला तीन दारं आहेत. एक दुकानातून, एक बाजूच्या गल्लीत, आणि एक मागच्या बोळात, बायकांच्या येण्याजाण्याचं. एकदा ईदला मी शिरखुर्मा खायला गेलो होतो. शिरलो दुकानातून आणि निघताना जवळचं म्हणून गल्लीच्या दाराकडे वळलो. हुमेराची आई जाहेदाबी अशी लगबगीने आडवी आली की मला वाटलं माझ्या हातून काही सांडलं.

"जिस दरवाजे से आये, उसीच से जाव भाईसाब. नै तो बात अधूरी रै जाती."

मी म्हणालो, चपला तेवढ्या उचलून आणतो. तर म्हणाल्या, चपलांचं नाही, बोलण्याचं. मग मी मुकाट्याने दुकानातून बाहेर पडलो. त्या घराचा हा नियमच आहे आणि जाहेदाबी तो पाहुण्यालाही माफ करत नाहीत.

हुमेरा बारावीला तालुक्यात वरच्या नंबरात होती. पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा होती, तिचं केंद्र लातूरला आलं. कादरभाई मनाने वाईट माणूस नाही. पण त्यांनी सांगितलं, "एकटी जायची न्हाई, आन मला दुकान सोडून यायला जमत न्हाई." विषय संपला. परीक्षेच्या दिवशी म्हणे ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच पत्र्याची कोठी ठोकत बसले होते, मान वर केली नाही. हॉल तिकीट घरातल्याच एका पेटीत पडलं. पुढच्या सोमवारी पोरगी माझ्याकडे टायपिंगला आली. बोटं चालत होती ती ठीक, पण टेबलाखाली पायही चालत होते. मला वाटतं तिचे पाय त्या दिवसापासून लातूरला निघालेले आहेत.

टायपिंगवरून ती संगणकावर गेली, संगणकावरून वायरींवर. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून नेटवर्कचं सगळं शिकली. मी तिला काही शिकवलं नाही, हे मी कबूल करतो. मी फक्त मधून मधून "काहून बंद पडलं?" असं विचारायचो.

या वर्षी नर्सिंग प्रवेशाच्या परीक्षेसाठी आमची संस्था पहिल्यांदाच केंद्र म्हणून निवडली गेली. पण अट होती. परीक्षेच्या आधीच्या बुधवारी दुपारी तीन वाजता तपासनीस येणार, नव्वदच्या नव्वद संगणकांवर सराव पेपर उघडून बघणार. उघडला तर केंद्र पक्कं. नाही उघडला तर नव्वद उमेदवार नांदेडला.

नांदेड काही सातासमुद्रापार नाही. पण माझ्या यादीत साठाच्या वर मुली होत्या, आणि त्यातल्या किती जणींना नांदेड म्हणजे घरचा नकार, हे मला पाठ होतं. त्यातली एक पुनम. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची. वडील माणिकराव, कोरडवाहू शेती. वर्षभर ती माझ्याकडे येत होती. फॉर्म भरायच्या दिवशीच माणिकरावांनी मला ऐकवलं होतं:

"हिंगोलीपातुर धाडतो मास्तर. त्याच्या पुढचं नाव काढू नका. पुढं जायचं म्हनलं तर पुनमचं शिक्षान झालं म्हना."

हुमेरा तेव्हा बाजूलाच उभी होती, हातात वायरीला टोक दाबायची पकड घेऊन. त्या दिवशी तिने वायरींची चाळीस टोकं केली. लागणार होती बारा.

आता त्या सर्व्हरचं सांगतो, मला समजलं तेवढं. प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो, त्याला आयपी म्हणतात. पत्त्याचा पुढचा भाग म्हणजे गल्ली आणि शेवटचा आकडा म्हणजे घर. परीक्षावाल्यांचं म्हणणं, तीन खोल्यांच्या तीन वेगळ्या गल्ल्या पाहिजेत, एका खोलीतल्या संगणकाला दुसरीतला दिसता कामा नये. म्हणून प्रत्येक खोलीच्या भिंतीवर एक राउटरची डबी बसवली. खोलीतल्या तीस संगणकांनी आपापल्या डबीतूनच सर्व्हरशी बोलायचं. पण सर्व्हर एकच आणि त्याला वायर लावायचं तोंडही एकच. तो तिन्ही गल्ल्यांत राहणार कसा? तर हुमेराने त्याला एक मूळ पत्ता दिला आणि वर दोन मानलेले पत्ते. त्यांना ती व्हर्च्युअल आयपी म्हणते.

"म्हणजे खोटे पत्ते," मी म्हणालो.

"खोटे काहून सर? तुमाला घरी बापू म्हंतेत, इथं सर म्हंतेत. दोन्ही तुमीच ना?"

त्या बुधवारी ती आठच्या गाडीने आली. मे महिना, नऊ वाजताच फरशी तापलेली. आमच्याकडे चपला खोलीबाहेर काढतात, धूळ नको म्हणून. अकरापर्यंत तिने पत्ते दिले आणि पहिल्या खोलीत तिसावा संगणक उघडला तेव्हा मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा, झालं म्हणून. माझी ही खोड जुनीच आहे.

दुसऱ्या खोलीत एकही संगणक चालेना. पडद्यावर एकच ओळ, सर्व्हर सापडत नाही. तिसऱ्या खोलीत तेच.

ती शिडी घेऊन पळाली. वायर बदलली, टोकं बदलली, डबी काढून दुसरी लावली. डबीपाशी उभं राहून विचारलं तर सर्व्हर पटकन ओ देत होता. डबीच्या पलीकडे, संगणकावरून विचारलं की ठार शांतता. साडेअकरा झाले, बारा झाले. मी तिच्या मागे मागे.

"पहिल्या खोलीत चालतंय, मग दुसरीत काहून चालत नाही?"

"तेच बघून राहिले ना सर."

"सर्व्हर तर तोच आहे."

"सर, तुमी जरा बाहेर थांबता का?"

मला राग आला. माझीच संस्था, आणि मीच बाहेर थांबायचं. पण थांबलो. थांबलो म्हणजे व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या जनकाबाई म्हणाल्या, "सर, तुमी बी तिच्यावानीच करून राहिले आज." त्यांच्यावरही मी खेकसलो.

साडेबाराला मी आत जाऊन एक तोडगा सुचवला. सगळ्या खोल्यांच्या वायरी एकत्र जोडून टाकू, एकच गल्ली करू, कोण बघतंय? हुमेराने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा व्हरांड्यात आलो. थोड्या वेळाने तिनेच हाक मारली. कोठीतल्या पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकत होत्या.

"हे बघा. दुसऱ्या खोलीतून संगणक विचारून राहिला, पेपर दे. सवाल इथवर आला. हे बघा, सर्व्हरनं जवाब बी देल्ला. बराबर देल्ला. मंग जवाब चाललाय कुठं?"

तिच्या कपाळावरून घाम गळत होता आणि आवाज चिरकला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला तिची भीती दिसली. "सर," ती म्हणाली, "ती पुनम घरी बसन." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता कोठीच्या बाहेर पडली.

आमच्या कोठीला तीन दारं आहेत, प्रत्येक खोलीकडे एक. ती शिरली होती तिसऱ्या खोलीतून. घाईत बाहेर पडली पहिल्या खोलीतून, व्हरांड्यात. उन्हाने तापलेल्या शहाबादी फरशीवर अनवाणी पाय पडला आणि ती कळवळून ओरडली. चपला होत्या पार पलीकडे, तिसऱ्या खोलीच्या दाराशी. मी म्हणालो, "थांब, आणून देतो." ती एका पायावर उभी राहून दाराकडे बघत होती. मग मागे वळून कोठीकडे बघितलं. पुन्हा दाराकडे.

"सर, चपला."

"अगं आणतो म्हटलं ना."

"चपला न्हाई सर! जवाब! सवाल आला तिसऱ्या दारानं आन जवाब चाललाय पहिल्या दारानं!"

आणि ती आत पळाली, त्याच भाजल्या पायांनी.

नंतर तिने मला समजावलं ते असं. सर्व्हरला पत्ते तीन दिले, पण बाहेर पडायची वाट एकच सांगितलेली, पहिल्या खोलीच्या डबीची. त्यामुळे प्रश्न कुठूनही येवो, उत्तर निघायचं पहिल्याच डबीकडे. ती डबी म्हणायची, मला कुणी काही विचारलंच नाही, हे उत्तर कुणाचं? आणि फेकून द्यायची. दुसऱ्या-तिसऱ्या खोल्या ताटकळत बसायच्या. म्हणजे जाहेदाबींचा नियम मोडला जात होता. तिने सर्व्हरला एवढंच सांगितलं की ज्या पत्त्यावर प्रश्न आला, त्याच पत्त्याच्या वाटेने उत्तर जाऊ दे. प्रत्येक पत्त्याला त्याची त्याची वाट.

दीड वाजता नव्वदावा संगणक उघडला. जनकाबाईंना काय झालं ते कळलं नव्हतं तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा घरी फोन केला.

आणि आता माझा पराक्रम. दोन वाजता दिवे एकदम मंद झाले, मग भगभगीत, मग पुन्हा मंद. पूर्वी असाच विजेचा दाब वाढून माझ्या क्लासातल्या सगळ्या ट्यूबलाइट आणि पंखे एका झटक्यात जळाले होते. तेव्हापासून दिवा लुकलुकला की माझा हात डोक्याला न विचारता मेन स्विचवर जातो. गेला. मेन खाली ओढला. कोठीत सर्व्हरचा यूपीएस टीं टीं करायला लागला. तो आवाज मला सहन होत नाही, शिवाय बॅटरी उगाच कशाला झिजवायची, म्हणून त्याचंही बटण दाबलं. टीं टीं थांबलं. कोठीत छान शांतता झाली.

हुमेरा डबा खात होती, उभ्यानेच. ती शांतता ऐकून ती धावत आली.

"यूपीएस कोनी बंद केला?"

सांगायची गरज नव्हती, माझं बोट अजून बटणावर होतं.

वीज स्थिर झाल्यावर सगळं चालू केलं. पहिली खोली उठली. दुसरी-तिसरी मेल्यासारख्या. तेव्हा मला कळलं की ते दोन मानलेले पत्ते आणि त्या वाटा तिने सर्व्हरला नुसत्या तोंडी सांगितल्या होत्या. नीट चालतंय असं दिसल्यावर ती ते सगळं त्याच्या फाइलीत लिहून ठेवणार होती. डबा खाल्ल्यावर. सर्व्हर एकदा झोपला की तोंडी सांगितलेलं विसरतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने अर्धा डबा झाकला आणि सरळ कीबोर्डकडे वळली. मला दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि तपासनीस पाऊण तास आधी आले. धर्मसिंग त्यांचं नाव. उंच, वाळकुडे, हातात कागद अडकवलेली पाटी. मी चहा म्हणालो, ते नको म्हणाले. सरबत म्हणालो, नको. "सुरू करू," म्हणाले. मी त्यांना पहिल्या खोलीत नेलं आणि आयुष्यात कधी बोललो नसेन इतकं हळूहळू बोललो. प्रत्येक खुर्चीचा इतिहास सांगितला. त्यांनी तीसही संगणक उघडले. वीस मिनिटं गेली. कोठीच्या दारातून मला हुमेरा दिसत होती, पाठमोरी, उभी, बोटं माझ्याच क्लासात शिकलेल्या वेगाने चालत होती.

"दुसरी खोली," धर्मसिंग म्हणाले.

मग मला राहवलं नाही. मी सरळ सांगून टाकलं की साहेब, दीड वाजता सगळं चालू होतं, मी म्हाताऱ्याने यूपीएसचं बटण दाबलं, चूक माझी आहे, तिची नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात आतून आवाज आला, "सर, दोन नंबर उघडा!"

उघडली. तीसच्या तीस. तिसरीही तीसच्या तीस. धर्मसिंगांनी कागदावर खुणा केल्या, पान उलटलं आणि म्हणाले, "आता शेवटचं. सर्व्हर पूर्ण बंद करा आणि पुन्हा चालू करा. माझ्यासमोर."

मी डोळे मिटून घेतले. हुमेराने मात्र शांतपणे बटण दाबलं. सर्व्हर बंद झाला, पुन्हा घरघरला. चार मिनिटं लागली. फक्त तिचा उजवा पाय फरशीवर टकटक करत होता. मग पहिली खोली उठली, दुसरी उठली, तिसरी उठली. या वेळी तिने सगळं लिहून ठेवलं होतं.

नीट बघितलं तर केंद्र माझ्यामुळेच वाचलं. मी बटण दाबलं नसतं तर तोंडी सांगितलेलं धर्मसिंगांच्या समोरच उडालं असतं. हे मी हुमेराला अनेकदा समजावून सांगितलं आहे. ती म्हणते, "मी तीनच्या आत लिहिनारच होते सर." शिवाय यूपीएसच्या बटणावर तिने आता पत्र्याचं झाकण बसवलंय. झाकण कादरभाईंनी करून दिलं, कुलपासकट. किल्ली माझ्याकडे नाही.

रविवारी परीक्षा झाली. तिन्ही खोल्यांच्या दारांशी चपलांच्या रांगा लागल्या, बहुतेक पोरींच्याच. पुनम तिसऱ्या खोलीत होती. माणिकराव साखऱ्याहून पहाटेच निघून तिला घेऊन आले होते. ते पायरीवर टोपी मांडीवर ठेवून बसले. हुमेरा व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक खोलीत डोकावत. मी तिला दोनदा बस म्हणालो. ती म्हणाली, सुटल्यावर बसते.

दोन तासांनी पुनम बाहेर आली. चपला घातल्या, बापाच्या बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली आणि हसली. तेवढ्यावरून मला कळलं. माणिकरावांनाही कळलं असावं, कारण त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि मला विचारलं:

"मास्तर, पास झाली तं मंग पुढं काय अस्तंय?"

"कागदपत्रांची तपासणी."

"हितंच ना?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "लातूरला," मी म्हणालो.

पुनमचं हसू गेलं. ती चपलेच्या अंगठ्याकडे बघायला लागली. माणिकरावांनी रस्त्याकडे बघितलं. मग त्यांनी हुमेराकडे मान वळवली. वायरींचं सगळं जिला कळतं तिला रस्त्यांचंही कळत असणार, असं त्यांना वाटलं असेल.

"लातूर लई लांब हाय का गं बाई?"

हुमेरा थांबली. व्हरांड्याच्या मधोमध.

"म्हाईत न्हाई काका," ती म्हणाली. "मला जायचं व्हतं. मी गेलेच न्हाई."

माणिकराव तिच्याकडे बघत राहिले, मग आपल्या पोरीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"मंग तू बी चल पोरी," ते म्हणाले. "पास व्हऊ दे हिला. दोघीला बी घिऊन जातो. तुझ्या बापाला मी इचारतो, जाता जाता बाळापूरला उतरून."

हुमेरा दोन पावलं पुढे आली आणि माणिकरावांच्या शेजारी, पायरीवर, बसली. पाय समोर लांब केले. ते हलत नव्हते.

मी आत जाऊन जनकाबाईंना चहा टाकायला सांगितला. पहिला कप माणिकरावांना द्या म्हणालो.